दोन कुळं

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, मधे गोळ्या सोडल्या होत्या का. ती नाही म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे चोळले आणि आवाज एक पायरी खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगा. मी रागावणार नाही." तिने पुन्हा नाही म्हटलं, आणि म्हणतानाच तिच्या लक्षात आलं की दुसऱ्यांदा म्हटलेलं नाही हे पहिल्यापेक्षा कमी खरं वाटतं. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर तिला स्वतःलाच संशय आला असता. म्हणून ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा अर्थ डॉक्टरीणबाईंनी आपल्या सोयीने लावला आणि त्या समजावणीच्या सुरात बोलू लागल्या. गोळ्यांनी मळमळतं हे त्यांना माहीत होतं. बरं वाटायला लागलं की माणूस एखादा दिवस टाळतो, मग दोन टाळतो. जंतू मात्र सुट्टी घेत नाहीत. अर्धवट मार खाल्लेला जंतू शहाणा होऊन परत येतो. गेल्या वर्षी पहिल्या तपासणीत तिच्या थुंकीतल्या क्षयाच्या जंतूंवर सगळी औषधं चालत होती. सहा महिने गोळ्या झाल्या, खोकला गेला, गाल भरले, बरी झालीस म्हणून सगळ्यांनी सांगितलं. आता खोकला परत आला होता, आणि आत्ताच्या थुंकीतले जंतू मुख्य औषधाला दाद देत नव्हते. "आजार उलटलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि तो आपोआप उलटत नाही."

बाहेरच्या पडवीत बाकं होती आणि सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, वारा खेळता राहावा म्हणून. तोंडावर पट्टी बांधलेली माणसं एकमेकांपासून एक-एक जागा सोडून बसली होती, भांडण झाल्यासारखी. ती उभीच राहिली. उलटला. पान उलटतं, गाडी उलटते, जीव लावलेलं माणूस उलटतं, खाल्लेलं उलटून पडतं. एकदा पडलंही होतं. दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. गोळ्या घेऊन ती भांडी विसळत होती आणि सगळं मोरीत पडलं. किती वेळाने पडलं? महिन्याच्या गोळ्या घरी आणून देणाऱ्या बाईला तिने लगेच फोन केला होता, आणि बाई म्हणाल्या होत्या की अर्धा तास होऊन गेला असेल तर पुन्हा घ्यायला नको, औषध पोटात उतरलेलं असतं. अर्धा तास झाला होता का? तेव्हा झाला होता. आता पडवीत उभं राहून आठवलं तर वीस मिनिटंच झाली होती, आणखी आठवलं तर पंधरा. आठवण ही अशी चीज आहे की तिला दोनदा विचारलं की ती समोरच्याचा चेहरा बघून उत्तर देते. बाकी दिवस तर पुरावा रोज समोर होता. त्या गोळ्यांनी लघवी तांबडी होते, घाम पिवळट होतो. ती डोळ्यांत मऊ भिंगं घालायची, तीसुद्धा नारिंगी झाली होती. अश्रूंत उतरतो तो रंग. रडायचीही सोय नव्हती, पांढऱ्या ओढणीला डाग पडायचे. भिंगं तिने कचऱ्यात टाकली आणि परत चष्मा लावला. आता वाटत होतं, ठेवायला हवी होती. म्हणजे टेबलावर टाकून म्हणता आलं असतं, हे घ्या. पण त्यावरही डॉक्टरीणबाई म्हणाल्याच असत्या की हा रंग पहिल्या महिन्यातलाही असू शकतो, शेवटच्या महिन्यांचं काय?

ती चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं काम करत होती. मागच्या बाजूला एक अंधारी खोली, भिंतीवर उजेडातली अक्षरं, खुर्चीत गिऱ्हाईक आणि त्याच्या नाकावर जड चौकट. एका हाताने भिंग बसवायचं, दुसऱ्याने काढायचं आणि विचारायचं, हे स्पष्ट की हे? पहिलं की दुसरं? निम्मी माणसं म्हणतात, दोन्ही सारखंच. तसं चालत नाही. तिला शिकवलंच होतं की सारखंच हे उत्तर घ्यायचं नाही, पुन्हा दाखवायचं, पुन्हा विचारायचं, शेवटी माणूस कंटाळून एक निवडतं. त्याच्यावर चष्मा बनतो आणि बहुतेक वेळा बरा बनतो. आज दुकानात जायचं ते काम करायला नव्हे, सांगायला. नवीन औषधं सुरू होऊन थुंकी साफ येईपर्यंत कामावर जायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. चालता चालता तिला ती खोली आठवत राहिली. खिडकी नसलेली. बाहेरचा उजेड आला तर अक्षरं फिकी पडतात म्हणून दारही लावलेलं. आणि ती गिऱ्हाइकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, कानाशी, हे की हे. खोकला पुन्हा कधी सुरू झाला होता? पहिले काही दिवस तिने तो घशाचा समजला होता. त्या दिवसांत खुर्चीत कोण कोण बसलं होतं? एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना खालची ओळ पाठच होती. एक गरोदर बाई. दोन कॉलेजातल्या मुली, ज्या एकमेकींचे नंबर ऐकून हसत होत्या. चेहरे आठवत नव्हते, नाकावरची चौकट आठवत होती. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते चांगले गृहस्थ. बोलले ते एवढंच की तब्येत आधी, जागा तुझीच आहे. मग ती अजून समोर उभी असतानाच त्यांनी आत जाऊन अंधाऱ्या खोलीचं दार सताड उघडलं आणि पंखा पूर्ण वेगाने सोडला. त्यात वावगं काही नव्हतं. तिने स्वतःही तेच केलं असतं. तरी बाहेर पडताना तिला कानफटात बसल्यासारखं झालं.

घरात या आजाराबद्दल दोन पक्ष होते आणि ते गेल्या वर्षापासून होते. पहिला पक्ष नणंदेचा. तिचं म्हणणं, ही माहेरची देणगी. तिच्या वडिलांना क्षय होता हे लग्नाच्या वेळी कुणी लपवलं नव्हतं, पण कुणी पुढे होऊन सांगितलंही नव्हतं, आणि नणंदेच्या हिशेबी या दोहोंत फरक नव्हता. वडील गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. शेवटची दोन वर्षं त्यांचं सगळं तिने केलं. आई कारखान्यात पाळीवर जायची. वडील उशीला टेकून बसायचे आणि तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायला लावायचे, आणि एखादा शब्द चुकला की खोकता खोकता दुरुस्त करायचे. त्यांच्या खोकल्याला एक चाल होती, आधी दोन कोरडे, मग एक ओला. ती आजही भिंतीपलीकडचा खोकला ऐकून ओला की कोरडा हे सांगू शकते. डॉक्टर म्हणतात जंतू वर्षानुवर्षं छातीत निजून राहतो आणि माणूस थकला की उठतो. म्हणजे नणंदेचं चूक नव्हतं. दुसरा पक्ष आईचा. आईचं म्हणणं, माझी पोर सासरी गेली तेव्हा धडधाकट होती, त्या कोंदट इमारतीने तिला खाल्लं. तेही चूक नव्हतं. या इमारतीत प्रत्येक मजल्यावर एक तरी घर असं आहे की ज्याच्या दारात गोळ्यांची बाई थांबते. जिन्याखाली कपडे दुरुस्त करणारा एक शिंपी बसायचा. त्याला सगळे सरळे म्हणत, कारण कितीही मापं घेतली तरी त्याच्या हातचं सगळं तिरकं व्हायचं. सरळेला गोळ्यांना न जुमानणारा क्षय होता हे तो गेल्यावर कळलं. त्याआधी दोन हिवाळे ती मुंगीच्या शाळेच्या गणवेशाची शिवण उसवली, चेन अडकली की त्याच्यापाशी जाऊन बसायची. मुंगी म्हणजे तिची मुलगी, सहा वर्षांची, दोन घासांत जेवण संपवून दिवसभर घरभर फिरते म्हणून मुंगी. जिन्याखालच्या त्या खोपटात मुंगीही तिच्या मांडीवर असायची, सरळेच्या खडूने तिच्याच फ्रॉकवर रेघा मारत. हे दोन पक्ष फोनवर, दारात, कुणाच्या तरी आजारपणात भेटले की एकमेकांवर चढायचे. प्रश्न एकच, आला कुठून. जणू एकदा पत्ता सापडला की तो तिथे परत पाठवता येणार होता.

नवरा कोणत्याच पक्षात नव्हता. तो शीतगृहात काम करायचा, बटाट्यांच्या आणि फळांच्या थंड कोठ्यांमधे, आणि तिथून येताना अंगाबरोबर थोडा थंडावा आणि बराच अबोला घेऊन यायचा. बहिणीला तो म्हणायचा, ताई, तू वकील व्हायला हवी होतीस. सासूला म्हणायचा, होय आई. संध्याकाळी मुंगी खाली पाटीवर आगगाडी काढत बसली होती तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. रिपोर्ट, कडक औषधं, ती दीड वर्ष, कदाचित कमी. कामावर जायचं नाही. तो ऐकत होता आणि पाण्याचा पेला हातात फिरवत होता. मग म्हणाला, "एक विचारू? एकदाही नाही?"

नंतर कित्येक दिवस ती त्या क्षणाकडे परत परत गेली, पाय घसरलेल्या पायरीकडे माणूस जातं तशी. तो वाईट बोलला नव्हता. स्वर मऊ होता. एकदाही नाही, या दोन शब्दांत त्याने डॉक्टरीणबाईंपेक्षा जास्त माया आणली होती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. पहिले तीन महिने तो स्वतः समोर उभा राहून तिला गोळ्या घ्यायला लावायचा. गोळी गिळली की तोंड उघडून दाखव म्हणायचा, दोघं हसायचे, आणि मुंगीही आ करून दाखवायची. पुढे तिला बरं वाटायला लागलं, त्याची पाळी बदलली, तो पहाटे जायला लागला आणि गोळ्या ती एकटी घ्यायला लागली. कुणी बघत नसताना केलेली गोष्ट केली हे सिद्ध कसं करायचं? नीतीच्या पुस्तकांत असं सांगतात की कुणी बघत नसताना माणूस नीट वागतो तोच खरा. त्या पुस्तकांत हे नसतं की मग त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार. पुढच्या दिवसांत तिला सगळ्यांत जास्त राग आला तो स्वतःच्याच मनाचा. ते सारखं उलटतपासणी घेत होतं. एखादा दिवस खरंच राहिला असेल का? नणंदेच्या घरी राहायला गेलो होतो तेव्हा गोळ्या पिशवीत होत्या की पर्समधे? ती निरपराध होती हे तिला ठाऊक होतं आणि तरी ती चोरासारखी दचकत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. चोर नसलेल्याच्या मनात काय असतं, त्याची म्हण नाही.

कडक औषधं सुरू करायच्या आधी दोन नमुने मागितले होते, एक घरून सकाळचा आणि एक तिथेच दिलेला. त्यांचे निकाल आले ते एकमेकांशी न जुळणारे. एका नमुन्यात जंतूंना सगळी औषधं लागू, दुसऱ्यात मुख्य औषध लागू नाही. नाव तेच, छाती तीच, मधे एक रात्र. दवाखान्यातल्या माणसाने तिला सांगितलं की नमुन्यांची अदलाबदल झाली असणार, पुन्हा द्या. तिने पुन्हा दिला. तिसरा आला तो पहिल्यासारखा. आता या तिघांत दोनास एक असं झालं, आणि तिला एक दिवस असं वाटायला लावण्यात आलं की कडक औषधांची गरजच नाही, दुसरा डबा, आणि कदाचित त्याआधीचाही, दुसऱ्याच कुणाचा होता. आई फोनवर रडली आणि म्हणाली, मी म्हणत नव्हते? काय म्हणत होती ते तिलाही माहीत नव्हतं. दोन दिवसांनी फोन आला की नाही, थांबा, चौथा नमुना लागेल. ज्याला घाई असते त्याच्या घशाला कोरड पडते. ती अंगणात, सांगितलं तसं उघड्यावर, उन्हात उभी राहून खोल श्वास घेऊन खोकत होती आणि काहीच येत नव्हतं. एरवी बोलता बोलता, जेवता जेवता येणारा खोकला मागितल्यावर येईना. शेजारच्या नळावर पाणी भरणाऱ्या माणसाने तिला बघून तोंड फिरवलं. तिला वाटलं, ओरडून सांगावं की मी लोकांचं ऐकून थुंकतेय, मला हौस नाही. शेवटी आलं थोडंसं. डब्याचं झाकण लावताना तिने स्वतःचं नाव दोनदा वाचलं.

मग मोठ्या प्रयोगशाळेतून निरोप आला की पेशंटला पाठवा. हे सहसा होत नाही; प्रयोगशाळेला डबा लागतो, माणूस लागत नाही. तिथल्या प्रमुख बाई उंच, कोरड्या, मुद्द्याचं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तिला काचेच्या बंद भिंतीपलीकडून एक नळी दाखवली. नळीत जंतू वाढवायचा, तिरका गोठवलेला हिरवा थर होता आणि त्यावर पिवळसर खडबडीत पुंजके, कोबीच्या फुलाच्या चुऱ्यासारखे. हे सगळे माझे? तिने विचारलं. तुमचेच, बाई म्हणाल्या. आठवड्यांमागून आठवडे उबेत ठेवले की एवढे होतात. मग त्यांनी सांगितलं ते तिला नीट कळलं, कारण त्या नीट सांगत होत्या. थरावर पुष्कळ पुंजके उगवतात, पण पुढच्या तपासणीसाठी त्यातला एखादाच उचलतात. शिकवतानाच सांगतात की गोल, भरलेला, शेजाऱ्याला न चिकटलेला उचला, म्हणजे काम स्वच्छ होतं. पहिला नमुना ज्याने हाताळला त्याने एक चांगला पुंजका उचलला. दुसऱ्याच्या हाताला दुसरा लागला. निकाल जुळेनात तेव्हा सगळ्यांनी धरलं की डबे बदलले. बाईंनी शेवटी त्याच नळीतून कडेचे, चपटे, कुणी उचलणार नाही असे पुंजकेही घेतले आणि त्यांच्या वंशाचा माग काढला. "अदलाबदल नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या छातीत दोन कुळं आहेत."

दोन कुळं. ती हसली. तिला हसू आवरेना, आणि हसण्याचा खोकला झाला, आणि बाईंनी तिला बाहेर मोकळ्या गच्चीवर नेलं. पाठवणीच्या वेळी एका म्हाताऱ्या आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं की दोन्ही कुळांचं नाव राख, उभय कुळांचा उद्धार कर. नणंद तोंड उघडायची तेव्हा उद्धार व्हायचाच, कुळांचा. आणि आता हे. तिने बाईंना कसंबसं सांगितलं की माझ्या घरी वर्षभर भांडण चालू आहे, हा माहेरचा की सासरचा. बाई पहिल्यांदा हसल्या, थोड्याच. म्हणाल्या, जिथे आजार घरोघरी असतो तिथे माणूस काय एकाच दारातून आत घेतं का? पूर्वी कधी घेतलेला एक, नंतर घेतलेला दुसरा. एकावर साध्या गोळ्या चालतात. त्या तुम्ही घेतल्या, तो दबला, आणि दुसऱ्याला अख्खी जागा मोकळी मिळाली. कूळ या शब्दाचा दुसराही अर्थ तिला तेव्हा आठवला, दुसऱ्याच्या जमिनीवर पीक काढणारा. कानामागून आला आणि तिखट झाला. तिने जीव गोळा करून विचारलं, म्हणजे मी गोळ्या सोडल्या नव्हत्या, हे तुम्ही लिहून द्याल? बाईंनी विचार केला. विचार करताना त्यांचा चेहरा इतका प्रामाणिक होता की तिला उत्तर आधीच कळलं.

"तसं नाही म्हणता येणार," बाई म्हणाल्या. "तुम्ही एकही गोळी सोडली नसती तरी हेच झालं असतं, एवढं मी म्हणू शकते. सोडली नाहीत, हे मला कसं कळणार?"

दुसरं कूळ आधीपासून होतं की मधे कधी आलं, तेही सांगता येत नव्हतं, कारण गेल्या वर्षीची नळी टाकून दिली होती. जुन्या नळ्या ठेवायला जागा नसते. परत येताना रस्ताभर तिला ते वाक्य खात होतं. इतके दिवस तिला हवा होता तो निकाल लागला होता आणि तो निर्दोष सुटल्याचा नव्हता. गुन्हा केला असला नसला तरी फरक पडत नाही, असा होता. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला. म्हणाल्या, असं असतं खरं कधी कधी, आणि पुढे म्हणाल्या, आता मात्र एकही गोळी सोडायची नाही हं. घरी नणंदेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे माझं बरोबरच होतं. आई फोनवर म्हणाली, म्हणजे मी म्हणत होते तेच. दोघींचं खरं ठरलं होतं आणि त्या दिवसापासून दोघींचं एकमेकींशी बरं चाललं. नवऱ्याने तिच्या समोर बसून पेला खाली ठेवला आणि म्हटलं, मी विचारायला नको होतं. तिने मान हलवली. तो बरोबर बोलला होता, वेळेवर बोलला होता, आणि तरी तिच्या मनात आलं की ज्याला निकाल वाचून विश्वास बसला त्याचा विश्वास निकालावर आहे. हे ती त्याला बोलली नाही. बोलून त्याला काही करता येण्यासारखं नव्हतं.

आणि मग मुंगी. हे सगळ्यांच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. तिच्या लक्षात गच्चीवरच आलं होतं, हसता हसता, पण त्याला शब्द द्यायला तिला भीती वाटली. गेल्या वर्षी तिला आजार निघाला तेव्हा मुंगीला सहा महिने रोज एक पांढरी गोळी दिली होती. आजार होऊ नये म्हणून. ती गोळी आईच्या जंतूवर चालते हे बघूनच दिली होती. म्हणजे पहिल्या कुळावर. दुसऱ्या कुळापुढे ती गोळी म्हणजे खडूचा तुकडा. आणि मुंगी तर दोन्ही दारांत उभी होती, आईच्या कुशीत आणि सरळेच्या खोपटात. गेले काही महिने तिचं वजन वाढत नव्हतं. वाढीचं वय आहे, उंची घेतेय, असं सगळे म्हणत होते. छातीचा फोटो काढला तर आत एक गाठ सुजलेली दिसली. आजार होता, आणि आता कोणता ते कळायला हवं होतं, कारण एका कुळाचं औषध सोपं आणि दुसऱ्याचं कडक, लहान मुलाच्या नसांना आणि हृदयाला जपून द्यावं लागणारं. मुलं थुंकत नाहीत, गिळतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून बारीक नळी पोटात घालून गिळलेलं बाहेर काढतात. तीन सकाळी काढलं. पहिल्या सकाळी मुंगी कुतूहलाने बसली. दुसऱ्या सकाळी तिला चौघांनी धरलं. तिसऱ्या सकाळी तिने आपण होऊन नाक वर केलं आणि आईकडे बघितलंही नाही, आणि ते धरण्यापेक्षा वाईट होतं. ते पाणी मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. तिने प्रमुख बाईंना फोन केला. फोनवर ती इतकंच म्हणाली, "तिच्या नळीतला नुसता चांगला दिसणारा उचलू नका." बाई म्हणाल्या, नाही उचलणार. पण आधी उगवायला तर हवं. मुलांच्या पोटातून जंतू थोडेच मिळतात, पुष्कळदा मिळतच नाहीत.

तोवर औषध कोणतं द्यायचं? नियम असा की मुलाला ज्याच्याकडून आजार आला त्याच्या जंतूप्रमाणे औषध द्यायचं. तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, माझ्या कोणत्या? डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. त्या आता तिच्याशी चांगलं वागत होत्या, थोडं जास्तच. त्या म्हणाल्या की आपल्याला दुसऱ्या कुळाची शंका आहे हे मान्य, पण नुसत्या शंकेवर सहा वर्षांच्या मुलीला कडक औषधं एकटीच्या जबाबदारीवर देता येत नाहीत, त्यासाठी तज्ज्ञांची समिती आहे, ती गुरुवारी बसते. तिने विचारलं, शंका चालत नाही? मग मला नऊ महिन्यांपूर्वी कशावरून म्हणालात गोळ्या सोडल्या? नऊ महिने नव्हते झाले. ती आकडा चुकली आणि डॉक्टरीणबाईंनी तो दुरुस्त केला, आणि प्रश्न तिथेच राहिला. गुरुवारी समिती बसली. एका तज्ज्ञाचं मत पडलं की आईच्या थुंकीत पहिल्या वेळी साधं कूळ निघालं होतं, मुलगी तेव्हापासून घरात आहे, तेव्हा साधं औषध द्यावं. दुसऱ्याचं मत, आत्ता आईच्या छातीत जोर धरून आहे ते दुसरं, तेव्हा कडक द्यावं. तिसऱ्या तज्ज्ञाने आणखी माहिती मागवली. सरळेच्या जंतूची माहिती मिळते का, तेही विचारलं, मिळत नव्हती. ठरलं ते असं की पुढच्या बैठकीपर्यंत साधं औषध सुरू करावं आणि लक्ष ठेवावं.

तेव्हापासून सकाळी दोघी एकदम गोळ्या घेतात. तिच्या कडक, संध्याकाळपर्यंत तोंडात धातूची चव ठेवणाऱ्या; मुंगीच्या साध्या, फळाच्या वासाच्या, पाण्यात विरघळणाऱ्या. नवरा पाळी बदलून घेऊन समोर उभा असतो. आता तो तोंड उघडून दाखव म्हणत नाही. मुंगीची लघवी तांबडी झाली आहे आणि तिने ती सगळ्यांना बोलावून दाखवली. औषध पोटात जातंय याबद्दल कुणाला शंका नाही. पुढच्या गुरुवारची बैठक एका तज्ज्ञाच्या गैरहजेरीमुळे पुढे गेली. त्यानंतरच्या गुरुवारी सुट्टी होती.

काल दुपारी प्रमुख बाईंचा फोन आला. तीन नळ्यांपैकी दोन स्वच्छ आहेत. तिसरीत, थराच्या खालच्या कडेला, काहीतरी उगवलं आहे. अगदी बारीक आहे, उचलण्याइतकं झालेलं नाही. मोठं होईपर्यंत थांबावं लागेल. मुंगीचं साधं औषध चालू आहे.